ऐंशी टक्के त्वचा गमावलेला मुलगा : बोखुम, २०१५

जून २०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुम शहरात, रुर विद्यापीठाच्या बालरुग्णालयात भाजलेल्या मुलांसाठी असलेल्या कक्षात सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. आगीशी त्याचा काही संबंध आला नव्हता. जन्मापासूनच त्याच्या अंगावर फोड येत. जरा कुठे घासलं, दाबलं की कातडी सुटून यायची. पाठीवर, हातापायांवर जुन्या-नव्या जखमा कायमच्याच असत. दाखल होण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी त्या जखमांमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्यूडोमोनास या दोन जंतूंचा संसर्ग झाला आणि तब्येत झपाट्याने खालावली. दाखल झाल्यावर थोड्याच दिवसांत शरीराच्या जवळपास ६० टक्के भागावरची बाह्यत्वचा गेली. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा हा आकडा ८० टक्क्यांच्या घरात होता.

बाह्यत्वचा म्हणजे कागदाइतका पातळ थर. पण तो नसेल तर अंगातलं पाणी, प्रथिनं आणि ऊब सतत झिरपत राहतात, आणि जंतूंना आत यायला कुठेही अडसर उरत नाही. प्रतिजैविकं, ड्रेसिंग, नळीवाटे पोषण, सगळं सुरू होतं. वडिलांच्या अंगावरची त्वचा काढून मुलाला लावून पाहिली. तीही टिकली नाही, कारण वडिलांची झाली तरी त्या पेशी शरीराच्या दृष्टीने परक्याच. नेहमीचे उपाय संपले होते. दुखणं सुसह्य करण्यापलीकडे आता काही करू नये, इथपर्यंत विचार आला होता.

हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. ‘प्रयोगशाळेत अवयव तयार करणार’ अशा बातम्यांमध्ये जो प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, त्याचं उत्तर इथे आकड्यांत मिळतं. प्रश्न असा की, वाढवलेल्या पेशींपैकी पाच वर्षांनी नेमक्या कोणत्या पेशी जिवंत असतील?

दोष नेमका कुठे होता

आजाराचं नाव जंक्शनल एपिडर्मोलायसिस बुलोसा. त्वचेचे दोन मुख्य थर: वर बाह्यत्वचा, खाली रक्तवाहिन्या आणि घर्मग्रंथी असलेली अंतस्त्वचा. या दोहोंच्या मध्ये एक पातळ पापुद्रा असतो. बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशी हेमिडेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म खुंट्यांनी या पापुद्र्याला पकडून असतात, आणि ही पकड बसायला लॅमिनिन-३३२ हे प्रथिन लागतं. त्या प्रथिनाच्या तीन साखळ्या असतात, प्रत्येकीचं जनुक वेगळं. या मुलाच्या एलएएमबी-३ या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये बिघाड होता, त्यामुळे तीनपैकी एक साखळी धड तयार होत नव्हती. पेशी ठणठणीत, पण त्यांना धरून राहायला काही नव्हतं. या आजाराच्या तीव्र प्रकारात चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्ण किशोरवय गाठण्याआधीच दगावतात.

दोन गोष्टी इथेच नोंदवायला हव्यात, पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. एक, बिघाड एकाच जनुकात होता आणि तो कोणत्या थरातल्या पेशींत दुरुस्त करायचा हे नक्की माहीत होतं. दोन, कातडी सुटत होती ती पापुद्र्याच्या पातळीवर, म्हणजे खालची अंतस्त्वचा बरीचशी जागेवरच होती. नव्या बाह्यत्वचेला बसायला रक्तपुरवठा असलेली जमीन तयार होती. खोल भाजलेल्या रुग्णात ही जमीनच जळून गेलेली असते.

फोन मोदेनाला का गेला

इटलीतल्या मोदेना शहरात मिकेले दे लुका आणि ग्रात्सिएला पेलेग्रिनी हे दोन संशोधक अनेक वर्षं कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पोषकद्रवात, वाढवलेल्या मूलपेशींवर (स्वतः टिकून राहून नव्या पेशी घडवत राहणाऱ्या पेशींवर) काम करत होते. दोघांच्या कामाची मुळं हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत जातात. १९७५ मध्ये जेम्स राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, शरीराबाहेर दीर्घकाळ वाढवण्याची रीत शोधली. या पेशी नुसत्या काचेवर नीट वाढत नाहीत. त्यांच्याखाली उंदराच्या ३टी३ पेशींचा थर घालावा लागतो. त्या पेशींना आधी किरणोत्सर्ग देतात, म्हणजे त्या स्वतः वाढत नाहीत, पण केराटिनोसाइटना हवं ते पुरवत राहतात. १९८४ मध्ये अंगाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेल्या दोन लहान मुलांवर अशा त्वचेने केलेल्या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दोघंही वाचली होती.

त्यामुळे २०१५ मध्ये कल्चर केलेली बाह्यत्वचा ही नवलाई नव्हती. दे लुका आणि पेलेग्रिनी यांनी १९९७ मध्ये कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, काठाच्या मूलपेशी वाढवून रासायनिक दाहाने गढूळ झालेला त्याचा पृष्ठभाग परत घडवला होता, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच उपचाराला ‘होलोक्लार’ या नावाने युरोपात मान्यता मिळाली होती. याच आजाराच्या एका प्रौढ रुग्णाच्या मांड्यांवर जनुक दुरुस्त केलेल्या त्वचेचे तुकडे लावून त्यांनी २००६ मध्ये त्याचा अहवाल दिला होता. ते तुकडे टिकले होते, पण एकूण क्षेत्र लहान होतं. सगळं अंग झाकायचं धाडस तोवर कोणी केलं नव्हतं.

आईवडिलांनी संमती दिली, विद्यापीठाच्या नीतिसमितीने आणि स्थानिक नियामकांनी परवानगी दिली. कायद्याच्या भाषेत हा अनुकंपा तत्त्वावरचा वापर: दुसरा उपाय उरलेला नाही अशा एका रुग्णापुरती दिलेली मुभा.

चार चौरस सेंटिमीटर

मुलाच्या डाव्या जांघेत फोड न आलेली थोडी त्वचा शिल्लक होती. तिथून चार चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला. टपालाच्या लहान तिकिटाएवढा.

मोदेनात त्या तुकड्यातल्या पेशी सुट्या केल्या आणि ३टी३ पेशींवर वाढवायला घातल्या. मग एलएएमबी-३ जनुकाची निर्दोष प्रत वाहून नेणारा रेट्रोव्हायरस वापरून ती प्रत पेशींत सोडली. हा विषाणू उंदरातल्या रक्तकर्करोगाच्या विषाणूपासून बनवलेला, स्वतःची वाढ करू न शकणारा. त्याचा एक गुण असा की तो आपलं जनुक पेशीच्या डीएनएमध्ये कायमचं घुसवतो, त्यामुळे पेशी विभागली की दोन्ही लेकींना ते मिळतं. धोकाही नेमका त्यातच आहे. डीएनएमध्ये जनुक कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो. नको त्या जागी बसलं तर पेशी बेलगाम वाढू शकते. प्रतिकारशक्तीच्या एका जन्मजात आजारावर याच जातीचे विषाणू वापरून पॅरिसमध्ये उपचार झाले, तेव्हा काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता. बोखुमच्या डॉक्टरांना हे पुरतं माहीत होतं. मुलगा मरणाच्या दारात होता आणि त्वचेत काही विपरीत घडलं तर ते डोळ्यांना दिसतं, कापून काढता येतं. रक्तात तसं नसतं. हा हिशेब मला पटतो.

दुरुस्त पेशी वाढवून त्यांचे सलग पट्टे तयार केले. काही साध्या प्लास्टिकच्या तळावर, काही फायब्रिनच्या थरावर. फायब्रिन म्हणजे रक्त गोठताना जे जाळं तयार होतं तेच. प्लास्टिकवर वाढवलेला पट्टा एन्झाइमने सोडवून घ्यावा लागतो. फायब्रिनवरचा पट्टा आधारासकट उचलता येतो आणि जखमेवर ते फायब्रिन आपोआप विरघळून जातं. एकूण ०.८५ चौरस मीटर त्वचा तयार झाली. म्हणजे ४ चौरस सेंटिमीटरची ८,५०० झाली, दोन हजार पटींहून अधिक.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०१५ मधल्या शस्त्रक्रियांत हातपाय, पाठ आणि कुशी झाकल्या. शस्त्रक्रियांचं नेतृत्व प्लास्टिक सर्जन टोबियास हिर्श यांच्याकडे होतं. आधी जखमेवरचा मृत थर खरवडून अंतस्त्वचा स्वच्छ करायची, रक्तस्राव थांबवायचा, मग पट्टे एकाला एक लागून पसरायचे आणि न चिकटणाऱ्या जाळीने झाकायचे. त्यानंतरचे दिवस सगळ्यात नाजूक. पट्टा घसरला, खाली पाणी साचलं किंवा जंतू शिरले तर सगळी मेहनत वाया. पाठीसारख्या भागावर, जिथे अंगाचा भार पडतो, हे सांभाळणं किती अवघड हे बर्न्स वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही नर्सला सांगावं लागणार नाही. अशा प्रकरणांत प्रयोगशाळेचं नाव होतं, पण रुजवण तिथे रात्रंदिवस उभ्या राहणाऱ्यांच्या हातात असते.

महिनाभरात लावलेल्या भागांवर जवळपास सगळीकडे बाह्यत्वचा धरली. राहिलेल्या काही जागा जानेवारी २०१६ मध्ये झाकल्या. फेब्रुवारीत मुलगा घरी गेला आणि पुढे शाळेतही जाऊ लागला.

सत्तावीस हजारांतून काही शे

नोव्हेंबर २०१७ मध्ये हा सगळा वृत्तान्त ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्यातली शेवटची तपासणी रोपणानंतर २१ महिन्यांनी झालेली होती. नवी त्वचा चिमटीत धरून ओढली, घासली तरी फोड येत नव्हते. लॅमिनिनची हरवलेली साखळी जागेवर होती. हेमिडेस्मोसोम संख्येने आणि जाडीने निरोगी माणसासारखे दिसत होते. शरीराने या नव्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकार उभा केल्याचंही आढळलं नाही. जखम झाली तर ती सामान्य त्वचेसारखी भरून येत होती. मलमं लावायची गरज उरली नव्हती.

हे सगळं विलक्षण आहेच. पण माझ्या मते या प्रकरणाचं खरं महत्त्व त्यानंतरच्या मोजणीत आहे, आणि इथे जरा थांबायला हवं.

बाह्यत्वचा साधारण महिन्याभरात पूर्ण बदलते. वरच्या पेशी झडतात, खालून नव्या येतात. म्हणजे २१ महिन्यांनी अंगावर असलेली त्वचा ही मोदेनाहून आलेली त्वचा नव्हे. त्या पेशी केव्हाच गळून गेल्या होत्या. जे दिसत होतं ते मागे राहिलेल्या काही मूलपेशींनी पुन्हा पुन्हा घडवलेलं होतं. किती मूलपेशींनी? निरोगी माणसात हे थेट मोजता येत नाही. इथे येत होतं, कारण विषाणूने प्रत्येक मूळ पेशीच्या डीएनएमध्ये वेगळ्या जागी जनुक घुसवलं होतं. ती जागा म्हणजे त्या पेशीच्या वंशाचा शिक्काच. सगळ्या लेकी-नातींमध्ये तो तसाच उतरतो. ज्या गुणामुळे ही पद्धत धोक्याची ठरते, त्याच गुणाने इथे माणसाच्या त्वचेची वंशावळ वाचू दिली.

रोपणाआधीच्या कल्चरमध्ये असे सुमारे २७ हजार वेगवेगळे शिक्के सापडले. रोपणानंतर काही महिन्यांनी घेतलेल्या बायोप्सींमध्ये दर नमुन्यामागे उरले होते काही शे. म्हणजे लावलेल्या पेशींच्या वंशांपैकी बहुतेक काही काळ काम करून संपले. उरलेल्या थोड्यांनी सगळी त्वचा चालवायला घेतली.

उरले ते कोण, याचं उत्तर १९८७ मध्ये यान बारांदोन आणि ग्रीन यांनी केलेल्या वर्गवारीत होतं. त्यांनी एकेक केराटिनोसाइट वेगळी वाढवून पाहिली, तेव्हा तीन प्रकारच्या वसाहती दिसल्या. होलोक्लोन दीर्घकाळ विभागत राहतात, मेरोक्लोन मधल्या, आणि पॅराक्लोन थोड्याच विभागण्यांत संपून जातात. बोखुमच्या मुलाच्या नव्या त्वचेतून पेशी घेऊन हीच चाचणी केली, तेव्हा मेरोक्लोन आणि पॅराक्लोनमध्ये सापडणारे शिक्के होलोक्लोनमध्येही सापडले. म्हणजे त्या सगळ्या होलोक्लोनच्याच लेकी. बाह्यत्वचेतल्या सगळ्याच तळपेशी सारख्या तोलाच्या असतात असं एक मत होतं. माणसाच्या बाबतीत त्याच्या विरुद्ध बाजूने इतका स्पष्ट पुरावा तोवर नव्हता.

पुढच्या पिकासाठी बेणं राखून ठेवावं लागतं, तसं इथे होलोक्लोन राखावे लागतात. डिशमध्ये पेशी भराभर वाढवणं तुलनेने सोपं आहे. वाढवताना पोषकद्रव, ३टी३ थराची प्रत, पेशी उचलायची वेळ यांत थोडी गफलत झाली तर होलोक्लोन मेरोक्लोन होतात, मेरोक्लोन पॅराक्लोन, आणि हा प्रवास उलट फिरत नाही. वरून पाहिलं तर पट्टा तसाच छान, सलग दिसतो. लावल्यावर धरतोही. आणि काही आठवड्यांनी विरून जातो. १९८० आणि ९० च्या दशकांत अनेक ठिकाणी कल्चर केलेली त्वचा ‘टिकत नाही’ असा अनुभव आला. त्यातल्या काही अपयशांमागे जखमेची स्थिती होती, पण पट्ट्यात मूलपेशी शिल्लक आहेत की नाहीत हे लावण्याआधी तपासलं जातं का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता. मोदेनाच्या गटाने त्यावरच आयुष्य घालवलं. ‘होलोक्लार’मध्येही विशिष्ट मूलपेशींचं किमान प्रमाण असणं हा गुणवत्तेचा निकष आहे. चौरस मीटर मोजणारे खूप होते. हे लोक होलोक्लोन मोजत होते.

हेच श्वासनलिकेला, मूत्राशयाला लावून पाहिलं तर

बोखुमच्या यशावरून ‘आज त्वचा, उद्या यकृत’ असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. ती इतकी पातळ असते की खालच्या अंतस्त्वचेतून प्राणवायू पाझरत वर पोचतो. जिवंत ऊतीत पेशी रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडे असेल तर तिची उपासमार होते. यकृत किंवा मूत्रपिंड घडवायचं तर पेशींबरोबर केशवाहिन्यांचं जाळंही घडवावं लागतं, आणि ते पहिल्या तासापासून रक्ताला जोडलेलं असावं लागतं. हा पेच अजून सुटलेला नाही.

मूत्राशयाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. २००६ मध्ये अँथनी अटाला आणि सहकाऱ्यांनी सात तरुण रुग्णांमध्ये, त्यांच्याच पेशी विरघळणाऱ्या साच्यावर वाढवून मूत्राशय मोठं केल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. सगळीकडे त्याचं कौतुक झालं. पुढे २०१४ मध्ये वेगळ्या चमूने घेतलेल्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा मूत्राशयाची क्षमता अपेक्षेप्रमाणे वाढली नव्हती आणि गंभीर गुंतागुंती झाल्या होत्या. साच्यावर लावलेल्या पेशींपैकी काय उरलं, कोणी काय केलं, हे सांगणारा बोखुमसारखा शिक्का तिथे नव्हता.

श्वासनलिकेचं प्रकरण तर फार दुःखद आहे. २०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो माक्कियारिनी यांनी कृत्रिम पदार्थाच्या नळीवर रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी सोडून ती बसवली. तिथे अशा शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. ‘लॅन्सेट’ने २०११ चा निबंध २०१८ मध्ये मागे घेतला. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने माक्कियारिनी यांना अडीच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली.

बोखुम आणि स्टॉकहोम ही दोन प्रकरणं शेजारी ठेवण्याचं कारण आहे. दोन्हीकडे जीव वाचवण्याची निकड पुढे केली गेली, दोन्हीकडे ‘रुग्णाच्या स्वतःच्या पेशी’ हे शब्द होते. पण बोखुममध्ये त्या शब्दांमागे चाळीस वर्षांचा अनुभव होता. त्वचेत कोणती पेशी काय करते हे माहीत होतं, लहान क्षेत्रावर ती वर्षानुवर्षं टिकल्याचं पाहिलेलं होतं. स्टॉकहोमला नळीवर टाकलेल्या मज्जेच्या पेशी श्वासनलिकेचं अस्तर कसं घडवतील याचं समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हतं. अनुकंपा तत्त्वाखाली परवानगी मागणाऱ्या कोणालाही माझा पहिला प्रश्न हाच असेल: तुमच्या ग्राफ्टमधली, म्हणजे लावलेल्या तुकड्यातली, कोणती पेशी ही ऊती पुढे चालवणार आहे, आणि तसं तिने आधी कुठे केलेलं तुम्ही पाहिलं आहे? दुसरा काही मार्ग नव्हता, हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

पाच वर्षांनंतर, आणि न झाकलेल्या जागा

डिसेंबर २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या मुलाचा पाच वर्षांचा अहवाल आला. लावलेली त्वचा टिकून होती, फोड नव्हते, कर्करोगाची चिन्हं नव्हती. जिथे ग्राफ्ट लावलेला नव्हता अशा काही जागी मात्र अधूनमधून फोड येतच होते. त्याच्या शरीरातल्या बाकी पेशींत जनुकाचा दोष होता तसाच आहे. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या अस्तरालाही लॅमिनिन-३३२ लागतं, आणि तिथपर्यंत हा उपचार पोचलेला नाही.

दरम्यान एपिडर्मोलायसिस बुलोसाच्याच दुसऱ्या प्रकारावर, ज्यात दोष कोलॅजेन-७ च्या जनुकात असतो, अमेरिकेत ‘झेवास्किन’ या उपचाराला एप्रिल २०२५ मध्ये मान्यता मिळाली. त्यातही रुग्णाच्या केराटिनोसाइट घेऊन रेट्रोव्हायरसने जनुक घालतात आणि खेळायच्या पत्त्यांएवढे पट्टे करून जखमांवर लावतात. तत्त्व मोदेनाचंच, पण तिथे सगळं अंग न झाकता निवडक मोठ्या जखमा झाकतात. अशा रुग्णांना वयात आल्यावर जुन्या जखमांत त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका मुळातच असतो. त्यामुळे या त्वचेखाली पुढे काही वाढलंच, तर ते आजारामुळे की विषाणूमुळे हे ठरवायला घुसलेल्या जनुकाची जागाच पुन्हा वाचावी लागेल. त्यासाठी बोखुमच्या मुलाच्या त्वचेचे नमुने ठरावीक अंतराने घेत राहणं हा उपचाराचाच भाग आहे, पुढची कित्येक वर्षं.